लहान होडीवरील ट्रोलिंग मोटरला वीज कशी पुरवावी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

रामटेकच्या बाजूला एका मामा तलावावर, म्हणजे माजी मालगुजारी तलावावर, मच्छीमार संस्थेचे सभासद असलेल्या एका मित्राच्या डोंग्याला आम्ही पहिल्यांदा ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी ढकलणारी, बॅटरीवर चालणारी लहान विजेची मोटर, लावली, तेव्हा मोटर नवी होती आणि बाकी सगळे घरातले होते. बॅटरी जुन्या मोटारीतून काढलेली होती आणि वायर घराच्या वायरिंगमधून उरलेली, ६ स्क्वेअर एमएमची. वारा पाठीशी असल्यामुळे जाताना डोंगा झपाट्याने पलीकडच्या काठाला लागला. परत निघालो तेव्हा तोच वारा समोरून आला, मोटरचा आवाज बसत गेला, बॅटरीच्या टर्मिनलवरचे प्लास्टिक मऊ पडून वास येऊ लागला आणि उरलेला सगळा तलाव आम्हाला वल्ही मारत पार करावा लागला. मोटरमध्ये काहीही बिघाड नव्हता. तिच्यापर्यंत वीज नीट पोहोचत नव्हती, एवढेच.

तेव्हापासून मी प्रत्येक नवशिक्याला एकच गोष्ट सांगतो, आणि हा सगळा लेख त्याच गोष्टीभोवती आहे. बॅटरी जायच्या प्रवासासाठी घेऊ नका, यायच्या प्रवासासाठी घ्या. समोरून वारा आहे, डोंग्यात माणसे आहेत, दिवस मावळतीला आला आहे, अशा वेळी मोटर पूर्ण जोराने चालवावी लागली तर बॅटरी, वायर, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) आणि फ्यूज यांपैकी एकानेही दगा देऊ नये, या हिशेबाने सगळी मांडणी करायची असते.

विजेच्या आधी दोन गोष्टी

तलाव कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहून लेखी परवानगी घ्यावी. अंबाझरीसारखा शहरातला तलाव महापालिकेच्या अखत्यारीत येतो, नवेगाव खैरीसारखे धरण जलसंपदा विभागाकडे असते, तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात असल्यामुळे तिथे वन विभागाचे नियम लागतात, आणि गावतलावांवर मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या नौकांच्या तपासणीची आणि नोंदणीची तरतूद अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये आहे. मोटर विजेची आहे म्हणून आपली होडी आपोआप त्यातून सुटते, असे गृहीत धरू नये.

दुसरी गोष्ट जीवरक्षक जॅकेटची. डोंग्यात जितकी माणसे तितकी जॅकेटे, आणि ती बसायला न घेता अंगात घालावीत. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात होडी उलटून तरुण मुले बुडाली, ती घटना या भागातले कोणी विसरलेले नाही. मोटर कितीही भरवशाची असली तरी वल्ह्यांची जोडी डोंग्यात असलीच पाहिजे.

मोटर किती अँपिअर घेते, ते आधी ठरवा

ट्रोलिंग मोटरची ताकद हॉर्सपॉवरमध्ये न सांगता थ्रस्टमध्ये, म्हणजे पाण्याला मागे रेटण्याच्या जोरात, पौंडांमध्ये सांगतात. ही पद्धत अमेरिकेतून आली, कारण मोटरही तिथलीच आहे: १९३४ मध्ये नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मोटारीच्या स्टार्टरला दांडा आणि पंखा जोडून ती बनवली, आणि मिनेसोटा व नॉर्थ डकोटा या शेजारच्या राज्यांच्या नावांवरून त्या मोटरींना ‘मिन कोटा’ हे नाव पडले.

ढोबळ नियम असा की माणसे, सामान आणि बॅटरी धरून डोंग्याचे जे एकूण वजन होते, त्यातील दर ४५ किलोंमागे किमान २ पौंड थ्रस्ट असावा. १२ फुटी फायबरची होडी ९० किलो, तीन माणसे २१० किलो, बॅटरी आणि बाकीचे सामान ५० किलो, असे ३५० किलो धरले तर उत्तर साधारण १६ पौंड येते. परंतु हा आकडा शांत पाण्याचा आहे. खिंडसीसारख्या मोकळ्या, रुंद पाण्यावर वारा सुटला की एवढ्याने होडी जागच्या जागी उभी राहते. म्हणून मी उत्तराच्या दुप्पट, म्हणजे ३० ते ४० पौंडांची मोटर घ्यायला सांगतो. त्याहून मोठी मोटर घेऊन लहान होडी फारशी वेगाने पळत नाही. १२ फुटी होडी पायी चालण्याच्या वेगाने, तासाला ५ ते ६ किलोमीटर, सुखाने चालते आणि त्यापुढची बरीच शक्ती लाटा उठवण्यात जाते.

५५ पौंडांपर्यंतच्या मोटरी १२ व्होल्टवर चालतात, ७० ते ८० पौंडांच्या २४ व्होल्टवर आणि १०० पौंडांच्या वरच्या ३६ व्होल्टवर. १२ व्होल्टच्या मोटरींमध्ये ३० पौंडांची मोटर पूर्ण वेगात सुमारे ३० अँपिअर घेते, ४० पौंडांची सुमारे ४० आणि ५५ पौंडांची सुमारे ५०. नेमका आकडा मोटरच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा.

हे ४० अँपिअर म्हणजे किती, हे नवशिक्याच्या लक्षात पटकन येत नाही, म्हणून स्वयंपाकघरातला मिक्सर डोळ्यांसमोर आणावा. ४० अँपिअर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे ४८० वॅट. आपल्या मिक्सरचीही शक्ती साधारण एवढीच असते. पण मिक्सर २३० व्होल्टवर चालतो, त्यामुळे त्याच्या बारीक वायरीतून जेमतेम २ अँपिअर वाहतात. तीच शक्ती १२ व्होल्टवर हवी असेल तर वायरीतून वीसपट प्रवाह न्यावा लागतो. १२ व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून लोक हे काम हलके समजतात, पण इथला खरा धोका उष्णतेचा आणि आगीचा आहे, आणि तो या प्रवाहामुळे येतो.

बॅटरीचा हिशेब

बॅटरीवर लिहिलेले १०० एएच (अँपिअर-तास) म्हणजे काय, ते आधी पाहू. लेड-ॲसिड बॅटरीचा हा आकडा बहुधा वीस तासांच्या संथ वापराचा असतो, म्हणजे ५ अँपिअरने ती २० तास पुरते. त्यावरून ४० अँपिअरने ती अडीच तास पुरेल, असे गणित कोणीही मांडील. परंतु प्रवाह जितका जास्त तितकी अशी बॅटरी कमी देते, त्यामुळे प्रत्यक्षात ती दीड तासाच्या आसपास पूर्ण रिकामी होते. शिवाय तिला दर वेळी तळापर्यंत रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून तिची निम्मीच क्षमता आपली मानावी. थोडक्यात, १०० एएचची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण वेगात पाऊण तासाची सोबत करते.

मोटारीची बॅटरी या कामाला चालत नाही, याचे कारण तिच्या पोटात आहे. इंजिन सुरू करताना काही सेकंद प्रचंड प्रवाह द्यायचा आणि मग लगेच चार्ज होऊन राहायचे, यासाठी तिच्यात पातळ आणि पुष्कळ प्लेटा भरलेल्या असतात. तासन्‌तास उपसली की या प्लेटांवरचा लेप झडतो आणि थोड्याच फेऱ्यांत बॅटरी निकामी होते.

मग प्रत्येक नागपूरकराच्या मनात येते ती घरची इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी. तिच्या प्लेटा जाड असतात आणि खोलवर रिकामी होणे ती सोसते, हे खरे आहे. तरीही मी ती डोंग्यात नेऊ नका असेच सांगेन. १५० एएचच्या उंच ट्यूब्युलर बॅटरीचे वजन ५० ते ६० किलो भरते, म्हणजे एक जास्तीचा माणूस, आणि तोही उभा राहिलेला. ती एका जागी स्थिर ठेवण्यासाठी बनवलेली असते; होडी कलली की झाकणांतून ॲसिड बाहेर येते आणि ते होडीच्या तळातल्या पाण्यात मिसळून अनवाणी पायांना लागते.

लेड-ॲसिडच घ्यायची असेल तर ई-रिक्षाची १२ व्होल्टची बॅटरी अधिक बरी, कारण ती हलत्या वाहनात रोज खोलवर रिकामी होण्यासाठीच बनवलेली असते. नागपुरात ई-रिक्षा भरपूर असल्यामुळे ती कुठल्याही भागात मिळते आणि ती तपासणारा कारागीरही जवळच असतो. मात्र ई-रिक्षात अशा चार बॅटरी ओळीने जोडून ४८ व्होल्ट केलेले असतात. आपल्याला त्यांतली एकच हवी असते. ई-रिक्षाचा पूर्ण लिथियम पॅक, जो ४८ किंवा ५१ व्होल्टचा असतो, तो १२ व्होल्टच्या मोटरला कधीही जोडू नये, आणि ई-रिक्षाचा चार्जरही एकट्या बॅटरीला लावू नये. पूर्ण बंद, पाणी न घालावी लागणारी एजीएम बॅटरी हाही चांगला मार्ग आहे. ती कलली तरी सांडत नाही.

खर्च झेपत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी. तिच्या १२.८ व्होल्ट १०० एएच प्रकाराचे वजन १२ किलोंच्या आसपास असते, म्हणजे ती एका हाताने उचलून सायकलच्या कॅरिअरवर ठेवता येते. तिची ८० टक्के क्षमता बिनधास्त वापरता येते आणि ४० अँपिअरचा प्रवाह घेतला तरी ती आकसत नाही. घेताना एकच आकडा आवर्जून विचारावा, तो म्हणजे आतल्या बीएमएसचा सलग प्रवाह. बीएमएस हा बॅटरीच्या आतला पहारेकरी सर्किट असतो आणि मर्यादा ओलांडली की तो वीज एकदम तोडतो. ५० अँपिअरची मोटर असेल तर बीएमएस सलग १०० अँपिअरचा असावा. बरोबर ५० चा घेतला तर ऐन वाऱ्यात, मोटरवर भार वाढताच, तो वीज बंद करील. सेल सुटे आणून घरी पॅक जुळवण्याच्या फंदात नवशिक्याने पडू नये.

आता किती एएच हवी, ते आपल्या फेरीवरून काढावे. ४० पौंडांची मोटर मध्यम वेगात १५ अँपिअर घेते असे धरू. अशी दीड तास चालवली तर २२ एएच लागतील. परतताना वारा समोरून आला आणि अर्धा तास पूर्ण वेग लावावा लागला, तर आणखी २० एएच. बेरीज ४२ झाली. तिच्यावर एक तृतीयांश राखीव धरून ५६ म्हणू. लेड-ॲसिडची निम्मीच क्षमता आपली, म्हणून ती किमान ११० ते १२० एएचची हवी. लिथियमची ८० टक्के आपली, म्हणून ७० चालेल, पण १०० घेतली तर वर्षभराने जाणाऱ्या फेरीलाही ती पुरेल. या हिशेबात परतीचा अर्धा तास वेगळा लिहिला आहे, तो कधीही गाळू नये.

बॅटरी वाढवण्यापेक्षा वेग आवरण्याने जास्त लाभ होतो, हेही इथेच सांगितले पाहिजे. पाण्यात वेग निम्मा केला तर लागणारी शक्ती तत्त्वतः आठव्या हिश्श्यावर येते. मोटरमधले तोटे धरता तेवढा फायदा हाती येत नाही, तरी पूर्ण वेगापेक्षा मध्यम वेगाने तीच बॅटरी कित्येक पटींनी जास्त अंतर नेते. यात मोटरच्या प्रकाराचाही भाग आहे. पाच टप्प्यांच्या स्विचच्या स्वस्त मोटरींमध्ये कमी वेगावर काही वीज उष्णता होऊन वाया जाते. ज्यात गोल मुठीने वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो आणि आत पीडब्ल्यूएम नियंत्रक, म्हणजे वीज अतिशय वेगाने चालू-बंद करून वेग ठरवणारे सर्किट, असतो, ती मोटर कमी वेगावर खरोखरच कमी वीज घेते. माशांमागे संथ फिरणाऱ्याने हा जास्तीचा खर्च करावा.

२४ व्होल्टची मोटर घेतलेल्यांसाठी तीन वाक्ये पुरेत. १२ व्होल्टच्या दोन बॅटरी ओळीने, म्हणजे एकीचे ऋण टोक दुसरीच्या धन टोकाला जोडून लावाव्यात आणि त्या एकाच क्षमतेच्या, एकाच बनावटीच्या व एकाच दिवशी घेतलेल्या असाव्यात. लिथियमच्या बाबतीत ओळीने जोडणे बनवणाऱ्याला मान्य आहे का, हे आधी पाहावे. आणि दोनपैकी एकाच बॅटरीवरून दिवा किंवा मोबाईल चार्जर लावू नये, नाहीतर ती बॅटरी मागे पडते आणि दोघींचे नुकसान होते.

वायर, लग आणि फ्यूज

आमचा डोंगा परतताना अडला तो मुख्यतः इथे. बॅटरीपासून मोटर ३ मीटरवर असेल तर वीज जाऊन परत येईपर्यंत ६ मीटर तांब्यातून फिरते. ५० अँपिअरला ६ स्क्वेअर एमएमच्या वायरीत सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच जिरतात, १० स्क्वेअर एमएममध्ये सुमारे अर्धा व्होल्ट आणि १६ स्क्वेअर एमएममध्ये एक तृतीयांश व्होल्ट. १२ व्होल्टमधून ०.९ जाणे म्हणजे शंभरातले सात रुपये दारातच देणे, आणि ते नुसते जात नाहीत, त्यांची उष्णता होते. म्हणून ३ मीटरपर्यंत १६ स्क्वेअर एमएम आणि त्याहून लांब असेल तर २५ स्क्वेअर एमएमची वायर वापरावी. मोटरसोबत आलेली वायर कापू नये. तिच्यापुढे आपली जाड वायर जोडावी.

वायर बारीक तारांची, लवचीक हवी. घराच्या वायरिंगमधली कडक वायर होडीच्या हादऱ्यांनी लगच्या तोंडाशी तुटते. वेल्डिंगची केबल लवचीक असते आणि अनेकजण तीच वापरतात, पण बाजारात ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबलही मिळते आणि वरून ती ओळखू येत नाही. दुकानातच टोक सोलून घ्यावे आणि एक तार ब्लेडने खरवडून पाहावी; आतपर्यंत लालसर तांबे दिसले तरच पैसे द्यावेत.

लग, ज्याला आपले इलेक्ट्रिशियन थिंबल म्हणतात, तो दाबणे हे या सगळ्या कामातले सर्वांत बारीक काम आहे. लगच्या नळीत वायर जितकी आत जाते तितकेच, फार तर २ मिलिमीटर जास्त, टोक सोलावे. एकही तार कापली जाऊ देऊ नये. सगळ्या तारा पीळ देऊन आत घालाव्यात. नळीच्या पाहण्याच्या छिद्रातून तांबे दिसले पाहिजे. मग षटकोनी जबड्याच्या क्रिम्पिंग टूलने दाबावे. हातोडीने चेपलेला लग पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण तारांमध्ये हवा राहते, तिथे ओल शिरते, हिरवट थर धरतो आणि सांधा तापू लागतो. दाबून झाल्यावर लग एका हातात आणि वायर दुसऱ्या हातात धरून जोराने ओढावी; ती तसूभरही सरकता कामा नये. शेवटी आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी लगच्या मानेवर चढवून गरम करावी, म्हणजे पाणी तारांमधून वर चढत नाही. हे टूल विकत घेणे परवडत नसेल तर सोलर पॅनल बसवणाऱ्या किंवा पॅनल बोर्ड बनवणाऱ्या कारागिराकडून चार लग दाबून घ्यावेत. आमच्या डोंग्यावर टर्मिनलचे प्लास्टिक वितळले ते असल्याच चेपलेल्या लगमुळे.

फ्यूज धन वायरीवर, बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत लावावा. तो मोटरसाठी नसून वायरीसाठी असतो. वायर कुठे घासली आणि दोन्ही टोके एकमेकांना भिडली, तर बॅटरी त्या वायरीतून हजारभर अँपिअरही ओतू शकते, आणि बॅटरी ते फ्यूज हा तुकडा तेवढा संरक्षणाविना राहतो. म्हणून तो जितका आखूड तितका चांगला. ५० अँपिअरच्या मोटरला आणि १६ स्क्वेअर एमएमच्या वायरीला ६० अँपिअरचा फ्यूज बरोबर बसतो. लहान मोटरला पुस्तिकेत दिलेला घ्यावा. मोठ्या कार ऑडिओच्या दुकानात मिळणारा एएनएल प्रकारचा फ्यूज आणि त्याचे झाकण असलेले घर यासाठी चालते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा बसवणे हा उपाय नव्हे. का उडतो ते शोधावे, बहुतेक वेळा पंख्याला काहीतरी गुंडाळलेले असते.

घरच्या बोर्डातली एमसीबी इथे लावू नये, आणि ही चूक जाणते लोकही करतात. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी त्या क्षणी विझते. बॅटरीची डीसी वीज शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणली जाऊन तशीच पेटत राहते आणि एमसीबी आतून जळते. ब्रेकर लावायचाच असेल तर त्यावर डीसी व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असल्याची खात्री करावी. फ्यूजनंतर एक बॅटरी कट-ऑफ स्विच हवा. ट्रकला लागतो तो चालतो आणि नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागातल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत तो सहज मिळतो. हाताच्या अंतरावर तो असावा, म्हणजे मोटर अडकली तर एका झटक्यात वीज बंद करता येते.

जोडणीचा क्रम असा ठेवावा. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढावे. पान्याच्या मुठीला टेप गुंडाळावा, म्हणजे तो दोन्ही टर्मिनलांवर आडवा पडला तरी शॉर्ट होणार नाही. मोटरचा वेग शून्यावर आणि स्विच बंद आहे, हे पाहावे. आधी लाल वायर धन टोकाला, मग काळी ऋण टोकाला जोडावी. काढताना आधी काळी काढावी. टोके उलटी लावली तर नियंत्रक असलेली मोटर तत्क्षणी जळू शकते. नट घट्ट झाल्यावर टर्मिनलवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा आणि वर रबरी टोपी बसवावी.

बॅटरी कुठे ठेवावी

मोटर मागच्या फळीवर, चालवणारा मागे, आणि बॅटरीही त्याच्या पायाशी, असे केले की डोंग्याची शेपटी बसते आणि नाक वर उठते. बॅटरी मध्यभागी किंवा थोडी पुढे, तळाशी ठेवावी. त्यामुळे वायर लांबते, आणि म्हणूनच वर जाड वायरीचा आग्रह धरला. बॅटरी झाकणाच्या प्लास्टिक पेटीत ठेवून पेटी पट्ट्याने डोंग्याच्या आडव्या फळीला बांधावी. पेटीखाली लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवल्या तर तळातले पाणी पेटीला लागत नाही. लेड-ॲसिड असेल तर पेटीला वर छिद्रे हवीत, कारण तिच्यातून हायड्रोजन निघतो. वायर पायाखालून न नेता कडेच्या फळीने क्लिप मारत न्यावी.

पहिली चाचणी काठावर करा

मोटर पाण्याबाहेर चालवून पाहू नये. तिचे सील आणि थंड राहणे दोन्ही पाण्यावर अवलंबून असते. डोंगा काठाला दोराने घट्ट बांधावा आणि पंखा पूर्ण बुडेल इतक्या पाण्यात मोटर सुरू करावी. एका सोबत्याकडे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर द्यावा. इलेक्ट्रिशियनकडचे बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरीवर शून्य दाखवतात, तेव्हा मीटर तपासूनच आणावा आणि चिमटा एकाच वायरीभोवती लावावा. प्रत्येक वेगाला किती अँपिअर येतात ते वहीत लिहावे. बांधलेल्या होडीवर आकडा थोडा जास्त येतो, पण पूर्ण वेगाचा आकडा पुस्तिकेच्या जवळपास असला पाहिजे.

पूर्ण वेगात दहा मिनिटे चालवून कट-ऑफ स्विच बंद करावा आणि प्रत्येक सांध्याला हात लावून पाहावा. वायर कोमट असेल तर ठीक आहे. एखादा लग चटका देत असेल तर तोच सांधा खराब आहे, तो कापून नवा दाबावा. ही एक चाचणी इतर दहा तपासण्यांच्या तोडीची आहे, आणि ती केल्याशिवाय मी कोणाला काठ सोडू देत नाही.

पुढच्या दोन फेऱ्या काठाकाठाने आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सुरू कराव्यात, म्हणजे येताना वारा साथ देईल. लेड-ॲसिडची शिल्लक व्होल्टवरून कळते, मात्र मोटर बंद करून बॅटरीला अर्धा-एक तास विश्रांती दिल्यावर: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. मोटर चालू असतानाचा आकडा खाली दिसतो, त्याने घाबरू नये. लिथियमचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ सारखेच राहतात, त्यामुळे तिच्या व्होल्टवर विसंबणे धोक्याचे आहे. शंट (प्रवाह मोजण्यासाठी वायरीत बसवायचा तुकडा) बसवून एएच मोजणारा बॅटरी मॉनिटर लावावा. आपली मानलेली जी क्षमता, तिच्यातली निम्मी संपली की नाक घराकडे वळवावे.

आपल्या तलावांत शिंगाड्याचे वेल, शेवाळ आणि काठाला बेशरमाची झुडपे असतात. वेल पंख्याला गुंडाळला की होडी मंदावते, माणूस वेग वाढवतो, अँपिअर चढतात आणि बॅटरी निष्कारण रिकामी होते. वेग मंदावलेला जाणवताच स्विच बंद करून मोटर वर उचलावी आणि पंखा साफ करावा. वीज चालू ठेवून पंख्याला हात लावू नये.

चार्जिंग आणि आपला उन्हाळा

लेड-ॲसिड फेरीहून आल्याबरोबर, त्याच रात्री चार्जला लावावी. रिकामी राहिली तर प्लेटांवर कडक थर बसतो आणि तो पुन्हा निघत नाही. चार्जरचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे १०० एएचला १० अँपिअर असावा. २५ अंश तापमानाला चार्जिंगची वरची पातळी १४.४ व्होल्ट मानतात, पण नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि रात्रीही खोली तापलेली असते. तापमान वाढेल तशी ही पातळी दर अंशाला सुमारे ०.०१८ व्होल्टने उतरवावी लागते. ४० अंशाला ती १४.१ च्या आसपास येते. तापमानानुसार हे आपोआप करणारा चार्जर मिळाला तर तोच घ्यावा. नाहीतर बॅटरी उकळते, पाणी आटते आणि प्लेटा उघड्या पडतात. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाणी तपासून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, नळाचे किंवा आरओचे नाही. चार्जिंग हवेशीर जागी करावे आणि जवळ देवघरातली समई किंवा गॅस शेगडी नसावी.

लिथियमला तिच्यासाठीच बनवलेला चार्जर हवा, जो १४.२ ते १४.६ व्होल्टला थांबतो. तलावावरून आल्यावर बॅटरी हाताला गरम लागत असेल तर ती थंड होऊ द्यावी. ४५ अंशांच्या वर चार्ज करणे बहुतेक बनवणाऱ्यांना मान्य नसते. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती दुपारभर ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य कमी करणे आहे. होडीतही पेटीवर ओले गोणपाट टाकावे, छिद्रे न झाकता.

सोलर पॅनलबद्दल पुष्कळजण विचारतात. १०० वॅटचे पॅनल भर उन्हात ५ ते ६ अँपिअर देते. मध्यम वेगाचे १५ अँपिअर त्यातून भागत नाहीत, पण काठावर उभ्या डोंग्याची बॅटरी दिवसभरात बरीचशी भरून निघते, तेव्हा ज्यांच्या तलावाजवळ वीज नाही त्यांनी पॅनल आणि बॅटरीच्या प्रकाराला जुळणारा चार्ज कंट्रोलर जरूर लावावा.

पावसाळ्यात जलाशय भरताना होडी काठावर काढली की बॅटरीही घरी आणावी. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवावी आणि दर महिन्याला पुन्हा चार्ज करावी. लिथियम निम्मी भरून, वायर काढून, कोरड्या खोलीत ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी तपासावी. पाऊस ओसरल्यावर पुन्हा जोडताना प्रत्येक लग ओढून पाहावा, फ्यूजच्या घरातली ओल पुसावी आणि काठाला बांधून दहा मिनिटांची चाचणी पुन्हा करावी. वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहिले की काय बदलले ते लगेच दिसते.